भावाला मॅटाडोर मोडीत काढायचीय, मला ती हवीय

नमस्कार. मी ५१ वर्षांची, पुण्यात राहते. माहेर कऱ्हाडजवळच्या एका गावात. आमच्या अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, कापडाचं दुकान होतं, शिवाय ते उंब्रज, मसूर, ढेबेवाडीचे बाजार करायचे. १९८२ साली आईच्या पाटल्या मोडून त्यांनी सेकंडहँड मॅटाडोर घेतली. गाडी १९७४ ची आणि मीही १९७४ ची, म्हणून घरात सगळे तिला माझी बहीण म्हणायचे. आठवडाभर तिच्यात कापडाचे गठ्ठे असायचे आणि मे महिन्यात आम्ही. काका, आत्या, मामेभावंडं धरून बारा-तेरा जण. पंढरपूर, जोतिबा, कुंभार्ली घाट उतरून गणपतीपुळे. नव्या कापडाच्या खळीचा आणि डिझेलचा एकत्र वास मला अजूनही येतो. पुढच्या दोन सीटांच्या मधे इंजिनाचं झाकण होतं. आई त्यावर भाकऱ्यांचं फडकं ठेवायची. कोयनानगरला सोडलं तरी भाकरी गरम असायची. घाटात गाडी तापली की दादा उडी मारून चाकामागे दगड लावायचा, डबा घेऊन पाणी शोधायला जायचा आणि आम्ही मुलं आत भेंड्या खेळत बसायचो.

अण्णांना जाऊन तीन वर्षं झाली. गाडी २००९ पासून परड्यात उभी आहे. दादा गावी राहतो, आई त्याच्याकडे असते. तिला आता माडी चढवत नाही, रात्री उठावं लागलं तर कुणाला तरी हाक मारावी लागते. म्हणून दादाला परड्यात तिच्यासाठी खोली आणि संडास-बाथरूम बांधायचंय. भंगारवाल्याशी बोलणंही झालंय. मी फोनवर म्हटलं, गाडीला हात लावलास तर माझ्याशी बोलू नकोस. तो म्हणाला, "तुला गाडीच्या आतलं आठवतं, मला गाडीखालचं." त्याला पाच महिने झाले, आमचं बोलणं बंद आहे. आई या विषयावर एक शब्द काढत नाही. जुन्या गाड्या व्हिंटेज म्हणून ठेवता येतात असं ऐकलंय. मी ती पुण्याला आणू का? की मीच हट्टीपणा करतेय?

– मॅटाडोरची बहीण

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. ती गाडी जपावीशी वाटणं हा हट्टीपणा नाही. ती त्याच जागी उभी राहिली पाहिजे, हा मात्र हट्ट आहे आणि तो आजच सोडा. ज्या बाईला रात्री उठायला कुणाची तरी वाट पाहावी लागते, तिची खोली सगळ्याच्या आधी. दादांना एवढं कळवा, की बांधकामाची तारीख तू ठरव, त्या तारखेआधी गाडी तिथून हलेल आणि हलवायचा खर्च माझा. हे कळवल्याशिवाय गाडीचं पुढं काय करायचं यावर बोलणं सुरूच होणार नाही. आत्ता त्यांच्या लेखी तुम्ही पुण्यात राहून आईची खोली अडवून धरली आहे, आणि त्यांच्या जागी उभं राहून पाहिलं तर त्यांचं चुकत नाही.

आता दादांच्या त्या वाक्याविषयी. तुम्ही ते टोमणा म्हणून घेतलंत असं दिसतं. मी तुमचं पत्र पुन्हा वाचलं ते फक्त दादांना शोधत. ते पत्रात आहेत, पण प्रत्येक वेळी गाडीच्या बाहेर. चाकामागे दगड लावताना, पाणी शोधताना. भेंड्या खेळणाऱ्यांत ते नाहीत. गरम भाकरीच्या आठवणीतही नाहीत. तुम्ही जन्मसाल दिलंय, दादांचं वय दिलं नाही, पण चालत्या गाडीतून उडी मारून दगड लावणारा मुलगा तेव्हा बारा-तेरा वर्षांचा तरी असणार. अण्णांना वेगळा क्लीनर परवडत असेल असं वाटत नाही. मग गाडीखाली झोपून पाना देणारा, ऑइल गळतंय का ते बघणारा, मे महिन्यात गरम सायलेन्सरचा चटका बसलेला मुलगा कोण होता? तुमच्यासाठी ती गाडी म्हणजे सुट्टी होती. त्यांच्यासाठी बहुतेक ती सुट्टीतलं काम होती, आणि इतर दिवशी शाळेआधीचंही.

याचा अर्थ त्यांना तिची माया नाही असा अजिबात नाही. जी वस्तू आपण हाताने दुरुस्त केली, तिच्यावरचा जीव वेगळाच असतो, आणि ती गंजताना रोज बघावी लागणं हा त्रासही वेगळा. तुम्ही दिवाळीला जाता तेव्हा मॅटाडोर बघता. ते सोळा-सतरा वर्षं रोज सकाळी बघतायत. टायर बसले तेव्हा ते तिथे होते, पत्रा सडून पहिलं भोक पडलं तेव्हाही तिथेच. मला वाटतं, भंगारवाल्याला बोलावण्यामागे जागेची गरज आहेच, पण असं मरण रोज बघायचा कंटाळाही असेल. हा माझा अंदाज आहे. तो बरोबर की चूक ते फक्त दादा सांगू शकतील, आणि त्यांना ते कुणी विचारलेलं दिसत नाही.

तुमच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण "जुनी गाडी आहे, त्यात काय एवढं" असं तुम्हाला दहा जणांनी ऐकवलं असेल. मला ते पटत नाही. पश्चिम महाराष्ट्रात सत्तर-ऐंशीच्या दशकांत वाढलेल्या माणसाला मॅटाडोर म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. ती आपल्याच मुलखात बनायची, आकुर्डीला. नवलमल फिरोदियांनी १९५८ साली जर्मनीतल्या हॅम्बर्गच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने उद्योग सुरू केला. आधी तीनचाकी टेम्पो आले, मग ही मॅटाडोर. त्याच कंपनीला, बजाज टेम्पोला, २००५ पासून आपण फोर्स मोटर्स म्हणून ओळखतो. ज्या गावात एसटी दिवसातून दोनदा यायची, तिथे एखाद्याच्या दारात मॅटाडोर असणं म्हणजे अख्ख्या आळीची सोय होती. वऱ्हाड तिच्यातून जायचं, गणपती तिच्यातून यायचा, अडलेली बाळंतीण रात्री तिच्यातूनच तालुक्याच्या दवाखान्यात पोचायची. माझ्या आजोळी शेजाऱ्यांची होती. लग्नसराईत ती घरी नसायची आणि त्या घरच्या मुलांचा रुबाब वर्षभर पुरायचा. पुढं सुमो आल्या, ट्रॅक्स आल्या, दारोदारी गाड्या झाल्या. पण पहिल्यांदा घाट बघितला, पहिल्यांदा समुद्र बघितला, तो या गाडीच्या काचेतून. तुमचं मन तिथे अडकलंय यात लाजण्यासारखं काही नाही.

अण्णा गेल्यानंतर तर ते जास्तच अडकणार. पत्रात तुम्ही अण्णा गेल्याविषयी एकच ओळ लिहिलीत आणि गाडीविषयी पान भरून. गाडीविषयी लिहिणं सोपं असतं, हे मी अनेक पत्रांत पाहिलंय. वडील गेल्याचं दुःख कुठे मांडावं कळत नाही, तेव्हा माणूस त्यांच्या खुर्चीवरून भांडतो, घड्याळावरून भांडतो, तुमच्या घरी गाडीवरून. ती परड्यात उभी आहे तोवर अण्णा बाजाराहून परतलेत असं कुठेतरी वाटत राहतं. दादांनी तिला हात लावणं म्हणजे तुमच्यासाठी दुसऱ्यांदा तेच घडणं. हे असंच असेल तर दादांना तसं सांगा. "गाडी वाचव" असं म्हणू नका. "मला अण्णांची फार आठवण येते" असं म्हणा. भावाला बहिणीचं हे वाक्य कळतं.

आणि आई. तुम्ही लिहिलंय, ती एक शब्द काढत नाही. ताई, गाडी तिच्या पाटल्यांवर आलीय. दोन्ही लेकरं त्या गाडीवरून एकमेकांशी बोलत नाहीत, आणि एकाचं म्हणणं आहे की हे सगळं तिच्याच खोलीसाठी चाललंय. या परिस्थितीत ती काय बोलणार? गाडी जाऊ दे म्हणाली तर लेक दुखावणार, राहू दे म्हणाली तर लेकाला वाटणार की खोली नको. तिच्यावर निकाल टाकू नका. तिला वेगळंच विचारा. पाटल्या मोडल्या तेव्हा काय झालं, कुणी सुचवलं, तिला तेव्हा काय वाटलं, गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हा तिने ओवाळलं का, पहिली खेप कुठे झाली. हे ऐकायला तुम्ही स्वतः जा, सणाच्या गर्दीत नको, एखाद्या साध्या आठवड्यात दोन रात्री राहा. फोनवर रेकॉर्ड करा, पण फोन तिच्यासमोर धरून नको, बाजूला ठेवून. भाजी निवडायला घ्या, ती आपोआप बोलायला लागेल. शक्य झालं तर तेव्हा दादाही जवळपास असू देत. आई एखादा तपशील चुकीचा सांगेल, ते आतून "तसं नव्हतं ते" म्हणून ओरडतील, आणि तुमचा पाच महिन्यांचा अबोला त्या वादात सुटेल अशी मला आशा आहे.

आता कामाचं बोलू, कारण नुसत्या भावनांवर गाडी हलत नाही.

पहिली गोष्ट कागद. गाडी अण्णांच्या नावावर असेल. मालक गेल्यावर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. तुमच्याकडे तीन वर्षं उलटलीत, पण म्हणून दार बंद होत नाही. उशिराचा दंड आणि नूतनीकरणाची थकबाकी आरटीओ सांगेल ती भरावी लागेल. वारस तुम्ही तिघं आहात, आई, दादा आणि तुम्ही, तिघांचा हक्क सारखा. त्यामुळे गाडी कुणाच्याही नावावर करायची तर बाकीच्या दोघांची लेखी संमती लागेल. दादा एकटे ती भंगारात घालू शकत नाहीत, आणि तुम्हीही एकट्या ती पुण्याला नेऊ शकत नाही. आधी हा कागद होऊ दे. माझ्या मते गाडी आईच्या नावावर करा. पाटल्या तिच्या होत्या.

दुसरी गोष्ट व्हिंटेजची. तुम्ही ऐकलंय ते खरं आहे. २०२१ साली केंद्राने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी त्यात बसते आणि तुमच्या गाडीने पन्नाशी ओलांडलीय. नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, ती दहा वर्षं चालते आणि पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. पण त्याआधी तीन अटी नीट वाचा. गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल चालत नाही. बाजार करणाऱ्या गाड्यांत इंजिन बदलणं सर्रास होतं, तेव्हा अण्णांनी ते कधी बदललं होतं का हे विचारा. दादांना हे तोंडपाठ असेल. दुसरी अट वापराची. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, दुरुस्ती आणि इंधन, अशा कामांसाठीच. मुलांना घेऊन पुन्हा गणपतीपुळ्याला जाऊ, असं मनात असेल तर ते या नंबरावर होणार नाही.

तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच लोकांच्या लक्षात येत नाही. चारचाकींत ही सोय फक्त प्रवासी गाडीला आहे, तीही चालक सोडून जास्तीत जास्त आठ आसनांची. तुमची गाडी बाजाराचा माल वाहायची. आरसी बुकावर तिची नोंद मालवाहू म्हणून असेल, किंवा बारा आसनी मिनीबस म्हणून असेल, तर व्हिंटेजचा मार्ग बंद. तुम्ही बारा-तेरा जण बसायचात यावरून काहीच ठरत नाही. त्या काळात कागदावर किती आणि आत किती, याचा मेळ कुणी घालत नव्हतं. म्हणून गाडीवर एक रुपया घालण्याआधी आरसी शोधा.

तिसरी गोष्ट गाडीची तब्येत. सतरा वर्षं उभी असलेली डिझेल गाडी बॅटरी लावून चालू होत नाही आणि तसा प्रयत्न कुणाला करूही देऊ नका. इंजिन आतून जाम झालेलं असेल आणि सेल्फ मारला, तर जे वाचण्यासारखं आहे तेही जाईल. आधी टाकीतलं जुनं डिझेल काढावं लागतं, ऑइल बदलावं लागतं, इंजिन हाताने फिरतं का ते बघावं लागतं, मग पंप आणि नोझल, मग लाइनमधली एअर काढणं. ब्रेकची व्हील सिलिंडरं अडकलेली असणार, म्हणजे गाडी परड्यातून ओढून काढतानासुद्धा चाकं फिरतील याची खात्री नाही. वायरिंग उंदरांनी ठेवलं असेल तर नशीब. पण हे सगळं होतं. खरा प्रश्न पत्र्याचा. खालचा पत्रा, दारांच्या कडा, चॅसीचे जोड हे सडले असतील, तर पत्राकामाचा खर्च इंजिनाच्या कितीतरी पुढे जातो. सुट्या भागांचंही पाहा. नंतरच्या मॅटाडोरमध्ये मर्सिडीजचं ओएम ६१६ हे डिझेल इंजिन यायचं आणि तेच इंजिन ट्रॅक्स, ट्रॅव्हलरमध्येही गेलं, त्यामुळे त्याचे पार्ट अजून हाताला लागतात. तुमची १९७४ ची, त्याच्या आधीची. तिच्या इंजिनाचे पार्ट, काचा, दारांची रबरं यांसाठी जुन्या बाजारात फिरावं लागेल.

तेव्हा कऱ्हाडच्या एखाद्या जुन्या डिझेल मेकॅनिकला घेऊन या. साठीच्या पुढचा, ज्याने मॅटाडोर खोललीय असा. असा माणूस तुम्ही शोधू नका. दादांना विचारा, त्यांना माहीत असेल. तो गाडीखाली जाईल तेव्हा दादाही वाकून बघतील, आणि तुम्हीही बघा. गाडीखालचं काय असतं ते एकदा पाहून घ्या.

पुण्याला आणायचा विचार तुम्ही केलाय. सोसायटीत ठेवणार असाल तर माझं उत्तर नाही. साडेतीन-चार फूट जागेवरून भांडणाऱ्या पार्किंगमध्ये बंद मॅटाडोर सहा महिनेही टिकणार नाही. मग तिथल्या समितीशी भांडण, घरात नवऱ्याशी कुरबुर, आणि गाडी पुन्हा उघड्यावरच गंजणार. तुमच्याकडे स्वतःची शेड असेल, वर पत्रा आणि खाली कोबा असलेली, आणि दरवर्षी तिच्यावर पैसे घालायची तयारी असेल, तरच आणा. ही तयारी तुमच्या संसाराला परवडते का, ते आधी घरी बसून बोला. गाडीला वर्षाला किती लागेल हा आकडा त्या मेकॅनिककडून घ्या, मनाने ठरवू नका.

आरसी अनुकूल निघाली, पत्रा बरा निघाला, पण ठेवायला जागा नाही, असं झालं तर गाडी सांभाळणाऱ्याला द्या. मुंबईत जुन्या गाड्यांच्या शौकिनांचे क्लब आहेत, हरियाणात तावडूला हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम आहे. पत्र आणि फोटो पाठवून विचारायला पैसे पडत नाहीत. जुन्या मोटारी जपणारे पुष्कळ आहेत. मालाच्या आणि बाजाराच्या गाड्या मात्र कुणी जपल्या नाहीत, म्हणून धडधाकट राहिलेली मॅटाडोर आता क्वचितच दिसते. तुमची नाकारली गेली तरी विचारायला लाजू नका.

आणि यातलं काहीच जमलं नाही, तर तिला जाऊ द्या, पण नीट. गावातल्या भंगारवाल्याला अंगणातून तोडून देऊ नका. आरसी रद्द न करता गाडी गेली, तर कागदावर ती तुमचीच राहते, आणि चॅसी नंबरचा कुणी गैरवापर केला तर पोलीस तुमच्या दारात येतात. सरकारमान्य वाहन मोडणी केंद्रात द्या, त्यांची यादी परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर मिळते. ते गाडी घेऊन जातात आणि सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट देतात. त्यावर आरसी रीतसर रद्द होते. ते सर्टिफिकेट दाखवून नवी खासगी गाडी घेतली, तर केंद्राच्या नियमानुसार राज्यांना रोड टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. दादांना पुढे-मागे गाडी घ्यायची असेल तर तो कागद त्यांना द्या. इतकी वर्षं ती त्यांनी सांभाळलीय. भंगारवाला कदाचित चार पैसे जास्त देईल. तेवढे सोडायला तुम्ही दोघं तयार असाल असं मी धरून चालते.

मोडायला पाठवण्याआधी आतली एक लांब सीट काढून ठेवायला हरकत नाही. इंजिन आणि चॅसी गाडीसोबत जावी लागते, सीटचं तसं नाही. आईच्या नव्या खोलीबाहेर बसायला ती चांगली होईल. पण हे आईला आणि वहिनींना विचारून. वहिनींचं नाव तुमच्या पत्रात कुठेच नाही. परडं झाडणं, गाडीखाली साप निघाला म्हणून पोरांना ओरडणं, हे त्यांनी केलंय. त्यांच्याशी दोन शब्द आधी बोललात, तर दादांशी बोलणं सोपं जाईल.

गाडी राहो अथवा जावो, एक काम तुमच्या हातात आहे आणि ते फक्त तुम्हीच करू शकता. त्या बारा-तेरा जणांतले जे हयात आहेत त्यांना फोन करा. प्रत्येकाला एकच विचारा, तू कुठे बसायचास? कोण खिडकीशी, कोण गठ्ठ्यांवर, कुणाला उलटी व्हायची म्हणून पुढे बसवायचे, अण्णा गाडी चालवताना काय गुणगुणायचे, घाटात कुठल्या वळणावर नारळ फोडायचे. कुणाकडे तरी जुना फोटो असेल. गावाकडच्या अल्बममध्ये गाडीसमोर उभं राहून काढलेला एक तरी फोटो असतोच. हे सगळं एका वहीत लिहा. आठवणी जुळणार नाहीत, एकीला गाडी निळी आठवेल, एकाला पांढरी. दोन्ही लिहा. अण्णांनी मधे कधी रंगही बदललेला असू शकतो. आणि वहीतलं पहिलं पान दादांसाठी कोरं ठेवा. ते लिहिणार नाहीत, असे लोक लिहीत नाहीत. ते सांगतील, तुम्ही लिहून घ्या. गाडीखालचं सगळं.

दादांना फोन करताना सुरुवात गाडीवरून करू नका आणि माफीनेही नको, माफीला ते "जाऊ दे" म्हणतील आणि विषय तिथेच संपेल. सरळ कामाचं बोला: "दादा, खोली बांधायला घे. गाडी हलवायचं माझ्याकडे लागलं. अण्णांची आरसी कुठे ठेवलीय ते तुलाच माहीत असेल, जरा काढून ठेव. मी येत्या आठवड्यात येते, दोन दिवस राहीन." ते हो म्हणतील किंवा नुसतं "बरं" म्हणतील. "बरं" आलं तरी निघा.

आरसी हाताला लागली की त्यावरचा वाहनप्रकार आणि आसनसंख्या हे दोन रकाने बघा आणि मला कळवा. व्हिंटेजचा अर्ज करायचा की नाही ते त्यावरून ठरेल. तोवर मेकॅनिकला आगाऊ पैसे देऊ नका.